उसनी सायकल, पहिलं ऑफ-रोड ट्रायथलॉन

आमच्या पिढीतले बरेच जण सायकल शिकले ते भाड्याच्या सायकलीवर. तासाच्या हिशोबाने दुकानातून आणायची, सीटवर बसून पाय पोचत नसतील तर दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारायचं आणि तास भरायच्या आत धापा टाकत दुकान गाठायचं. स्वतःची सायकल येईल तेव्हा शिकू, असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. ऑफ-रोड ट्रायथलॉनचा विषय निघाला की मात्र नेमकं हेच ऐकू येतं. पोहता येतं, टेकडीवर रोज पळणं होतं, पण माउंटन बाइक नाही, मग राहू दे.

राहू देऊ नका. पहिल्या शर्यतीसाठी माउंटन बाइक विकत घ्यायची गरज नाही, आणि माझ्या मते घेऊही नये. उसनी आणा, भाड्याने आणा. फक्त ती आदल्या रात्री आणू नका, निदान तीन आठवडे आधी आणा. ही चूक मी केलेली आहे, म्हणून एवढं ठासून सांगते.

शर्यत असते तरी कशी

रस्त्यावरचं ट्रायथलॉन आता आपल्याकडे बऱ्यापैकी माहितीचं झालं आहे. 2019 मध्ये गोव्यात आयर्नमॅन 70.3 ही लांब अंतराची शर्यत सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईतली, कोल्हापूरकडची कितीतरी माणसं त्याची तयारी करू लागली. ऑफ-रोड प्रकार त्याचा रानातला भाऊ. तलावात किंवा समुद्रात पोहायचं, मग कच्च्या वाटेवर सायकल, मग पायवाटेवर पळणं. 1996 मध्ये हवाई बेटांपैकी माउईवर अशी पहिली मोठी शर्यत झाली, तेव्हा तिचं नाव ॲक्वाटेरा होतं. पुढे तीच एक्सटेरा म्हणून जगभर पसरली. जागतिक ट्रायथलॉन संघटना याच प्रकाराला क्रॉस ट्रायथलॉन म्हणते.

एक्सटेराच्या पूर्ण शर्यतीत साधारण 1.5 किमी पोहणं, 30 किमीच्या आसपास सायकल आणि 10 किमी पळणं असतं. स्प्रिंट प्रकार त्याच्या अर्ध्याच्या जवळपास. जागेप्रमाणे आकडे बदलतात, कारण डोंगर मोजपट्टी बघून उभा राहिलेला नसतो. नवख्याने स्प्रिंटच निवडावं.

पोहणं लवकर संपतं. निम्म्याच्या आसपास, नवख्यांचा तर त्याहून जास्त वेळ सायकलवर जातो. त्या वेळात पायांत ताकद किती यापेक्षा सायकल हाताळता किती येते, याला महत्त्व असतं. अमेरिकेचा नेड ओव्हरेंड हा 1990 चा माउंटन बाइक विश्वविजेता. त्याने 1998 आणि 1999 मध्ये एक्सटेराची जागतिक शर्यत जिंकली, तेव्हा त्याने चाळिशी ओलांडलेली होती. पाण्यातून त्याच्या आधी बाहेर पडणारे पुष्कळ होते. बर्म्युडाची फ्लोरा डफी टोकियो ऑलिंपिकची सुवर्णविजेती, पण त्याआधी एक्सटेराची अनेक वेळची जगज्जेती. ही हातोटी कुठल्याही सायकलवर कमावता येते, म्हणून आधी हातोटी आणि मग सायकल.

घरात आहे त्या सायकलीवर सुरुवात

पहिले सहा-सात आठवडे माउंटन बाइकचं नावही काढू नका. घरात हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरची सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली, असेल तर उत्तम, साधी गिअरची सायकल असेल तरी चालेल. ब्रेक धड हवेत आणि डोक्यावर हेल्मेट हवं.

शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकल आठवते? शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. तोच सराव मोकळ्या मैदानावर रोज दहा मिनिटं करा. दगडांच्या चढावर वेग संपतो तेव्हा तोल सांभाळणारा आधी पुढे जातो, बाकीचे उतरून ढकलत असतात.

दुसरा सराव उभं राहण्याचा. उतारावर सीटवर बसून राहायचं नाही. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा, ढुंगण सीटवरून किंचित वर आणि मागे, कोपरं आणि गुडघे सैल. सायकल खाली नाचू द्या, तुम्ही वर शांत राहा. नवख्यांचे हात काठीसारखे ताठ होतात, आणि मग प्रत्येक दगडाचा धक्का थेट खांद्यात जातो.

तिसरा सराव नजरेचा. समोरच्या दगडाकडे बघाल तर त्याच दगडावर जाल, हे इतकं खरं आहे की पटायला एकदा धडकावंच लागतं. नजर सात-आठ मीटर पुढे, जिथून जायचं तिथे. वळणावर वळणाच्या शेवटाकडे.

ब्रेकचं मात्र सविस्तर सांगायला हवं. सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, पण सैल मुरमावर, चाक वळलेलं असताना तोच जोरात दाबला की पुढचं चाक सरकतं आणि माणूस खाली. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ वाटेवर कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचे. एक किंवा दोन बोटं लिव्हरवर, बाकी मूठ हँडलवर. मैदानात खडूने रेघ मारा, ठरावीक वेगाने या आणि रेघेवर थांबा. आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग दोन्हींनी. मागचं चाक घसरायला लागलं की कसं वाटतं, हे मैदानातच कळून घेतलेलं बरं.

वाट कुठली निवडायची

पुण्याजवळ राहणाऱ्यांना टेकड्या सुचतात. वेताळ टेकडी पळायला फार सुंदर आहे, पण सकाळी तिथे चालणाऱ्यांची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची गर्दी असते. त्यांच्या मधून नवख्याने सायकल शिकू नये, आणि वनखात्याच्या हद्दीत जिथे सायकलला मनाई आहे तिथे तर नेऊच नये. त्यापेक्षा शहराबाहेरच्या पांदणी, कालव्याच्या कडेचे मातीचे रस्ते, सासवड-जेजुरीकडचे मुरमाड शेतरस्ते बघा. शेतातून जाणारी वाट असेल तर शेतकऱ्याला विचारून जा. एकदा ओळख झाली की तोच पाणी पाजतो आणि पुढची चांगली वाटही दाखवतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. पावसाळ्यात कोकणातला जांभा शेवाळतो, आणि देशावरची काळी माती चाकाला अशी चिकटते की दोन मिनिटांत टायर आणि फोर्क (चाक धरणारा चिमटा) यांच्या मधली फट भरून चाक फिरायचंच थांबतं. तशा मातीत अडकलात तर पेडल रेटू नका, चेन आणि गिअरचं नुकसान होतं. उतरा, काटकीने चिखल खरवडा, सायकल खांद्यावर घ्या आणि गवताच्या कडेने चाला. पाऊस संपल्यावर लगेच गेलात तर गुडघाभर गवतात दगड दडलेले असतात, वेग कमी ठेवा.

सायकल कुणाकडून घ्यायची

प्रत्येक गावच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात दोन-तीन जणांकडे धूळ खात पडलेली माउंटन बाइक असते. कोविडच्या काळात कित्येकांनी हौसेने घेतली, मग नोकरी परत सुरू झाली आणि सायकल गॅलरीत गेली. विचारायला लाजू नका. भाड्याने देणारी दुकानं आहेत, काही आयोजकही स्पर्धकांसाठी भाड्याच्या सायकली ठेवतात. परदेशात शर्यतीला जाणार असाल तर तिथेच भाड्याने घेण्याचा विचार जरूर करा. स्वतःची सायकल असलेली माणसंही विमानाचं भाडं आणि पॅकिंगची कटकट वाचवायला तेच करतात. आणि आयोजक संघाची शर्यत ठेवत असतील तर तिघांत एक सायकलवाला घ्या, तुम्ही पोहा किंवा पळा. पहिल्या वर्षी निदान वातावरण कळतं.

हायब्रिड चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. तिचं 700 चं चाक आणि 29 इंची माउंटन बाइकचं चाक यांची रिम एकाच व्यासाची असते, 622 मिलिमीटर. त्यामुळे फ्रेममध्ये जागा असेल तर हायब्रिडला 40-42 मिलिमीटरचे, पकड घेणाऱ्या उंचवट्यांचे टायर बसवता येतात, आणि सपाट, मुरमाड मार्गावर तेवढ्यात काम भागतं. मोठे दगड, मुळं, उभे उतार असतील तर नाही. काही स्पर्धांच्या नियमांत टायरची किमान रुंदी आणि हँडलचा प्रकार ठरवून दिलेला असतो. नोंदणीचे पैसे भरण्याआधी नियमावली वाचा आणि आयोजकांना सायकलचा फोटो पाठवून विचारा.

विकत घेण्याचा मोह होईल. बरी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली, 30-40 हजारांपासून पुढे जाते. तिच्याहून खूप स्वस्त, मागे-पुढे दोन्हीकडे शॉकअप मिरवणाऱ्या सायकली दिसतात, त्या मात्र घेऊ नका, उसन्याही आणू नका. वजनाने जड, आणि चढावर तुमची निम्मी मेहनत ती स्प्रिंगच खाते.

उसनी सायकल आपली करून घेणं

आता माझी चूक. पहिल्या शर्यतीला मी सायकल आदल्या संध्याकाळी भाड्याने घेतली. दिसायला चकचकीत होती. रात्री हेडलाइटच्या उजेडात कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या आणि ठीक आहे म्हणून झोपले. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, त्या सायकलीला तो डाव्या हाताला होता. फेऱ्या मारताना हे लक्षातही आलं नाही, कारण सपाट रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्रच दाबले जातात. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरला उतारावर सवयीने, मागचा समजून, डावा दाबला. मी हँडलवरून पुढे गेले. कोपर सोलवटलं, मनगट महिनाभर दुखलं आणि उरलेला सगळा मार्ग भीतीने चालत काढला. शर्यत पूर्ण झाली, पण त्या वाटेवर खूप आधीपासून स्वप्नात रंगवलेला आनंद काही मिळाला नाही. त्याची हळहळ मनगटाच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस टिकली.

म्हणून सायकल हातात आली की पहिलं काम, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघणं. उलटा असेल तर मेकॅनिककडून बदलून घ्या, तारेचा असेल तर सोपं आहे. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा असेल आणि मालक बदलू देत नसेल, तर तीन आठवडे त्याच सायकलीवर राहून हाताला नवी सवय लावा.

मग माप. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभं राहिलात की दांडा आणि शरीर यांच्यात चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. फ्रेम थोडी लहान असली तर सीट वर करून भागतं, मोठी फ्रेम मात्र रानात अंगावर येते. सीटची उंची अशी ठरवा: टाच पेडलवर ठेवून पेडल पूर्ण खाली न्या, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवला की तोच गुडघा किंचित वाकलेला राहतो. स्वतःची हायब्रिड असेल तर क्रँकच्या (पेडल ज्या दांड्यांवर फिरतात त्यांच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं माप टेपने घ्या आणि तेच इथे लावा. उभे उतार असतील तर दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. ठरलेल्या जागी सीटच्या खांबाला काळी इन्शुलेशन टेप गुंडाळा. मालकाने मधे सायकल नेली तरी परत आल्यावर माप शोधावं लागत नाही.

टायरची हवा ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. दुकानदार दगडासारखी हवा भरून देतो, कारण रस्त्यावर तशी सायकल पळते. रानात तसा टायर प्रत्येक खड्यावरून उड्या मारतो. ट्यूबवाल्या माउंटन बाइकच्या टायरमध्ये, तुमच्या वजनाप्रमाणे, 25 ते 35 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) पुरते. मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. फार कमी केली तर दगडावर आपटताना रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर दिसलं तर पुढच्या वेळी तीन-चार पीएसआय वाढवा.

व्हॉल्व्हही बघून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा मिळेल. बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर जवळ ठेवा, चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू आहे. बाकी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा जुडगा. आणि ट्यूब बदलायचा सराव घरी चार वेळा, त्यातल्या दोन वेळा मागच्या चाकाची, कारण चेन आणि गिअरमधून चाक काढणं-बसवणं वेगळं असतं.

सायकल उचलून पुढचं चाक फिरवा, डिस्कला पॅड घासत नाही ना ते ऐका. पॅडची जाडी बघा, दीड मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर बदला. हँडल धरून पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल मागे-पुढे हलवा, खटखट आली तर हेडसेट, म्हणजे हँडल फ्रेममध्ये फिरतं तो सांधा, ढिला आहे. चेनला तेल घालताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नका, ब्रेक लागेनासे होतात.

मालकाशी बोलणं आधीच करून घ्या. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो त्या हँगरचा पडण्यात हमखास बळी जातो, आणि तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असल्याने लगेच मिळत नाही. मोडलं तर कोण भरणार, किती, हे सुरुवातीलाच ठरलेलं असलं की मैत्री टिकते. सायकलचे चारी बाजूंनी फोटो काढून दोघांनीही ठेवा.

पाणी आणि पाय

पोहण्यात नवखे असाल तर तरणतलावात न थांबता 400 मीटर जाईपर्यंत बाकी काही नको. मग दर सहा-आठ हातांनी एकदा मान पुढे उचलून दिशा बघायचा सराव, कारण तलावात तळाला काळी रेघ नसते. उघड्या पाण्याची सवय मात्र माणसांच्या सोबतीने आणि देखरेखीखालीच लावा. खडकवासला, पानशेत, मुळशीच्या पाण्यात सुट्टीच्या दिवशी मजेखातर उतरू नका. गाळ असतो, पाय टेकता टेकता जमीन अचानक खोल जाते, आणि दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात त्यांत पोहता येणारेही असतात. मालवणला चिवला किनाऱ्यावर जलतरण स्पर्धा भरतात, तिथे सोबत होड्या असतात. लहान अंतराच्या गटात नाव घातलं तर उघड्या पाण्याची पहिली ओळख चांगल्या हातांत होते.

पळण्याबद्दल थोडंच सांगते, कारण टेकडीवाल्यांना ते येतं. सिंहगडाची आतकरवाडीची वाट चढताना चाला, लाज वाटून घेऊ नका. उतरताना पावलं आखूड आणि भराभर. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्याउतरल्या पंधरा मिनिटं पळा. पहिल्या पाच मिनिटांत पाय लाकडाचे वाटतात, ते तसेच वाटणार, घाबरू नका.

दहा आठवडे असे लावा

पहिले चार आठवडे: दोनदा पोहणं, दोनदा पळणं, एकदा मैदानातले सायकलचे सराव, एकदा हायब्रिडवर तास-दीड तासाची सहज फेरी. पुढचे तीन आठवडे ती फेरी मातीच्या रस्त्यावर न्या आणि शेवटी पळणं जोडा. सातवा आठवडा संपेपर्यंत उसनी सायकल दारात आलेली हवी. आठवा-नववा आठवडा फक्त तिच्यावर, निदान चार वेळा, त्यातली एक फेरी शर्यतीएवढ्या अंतराची. पोहणं-पळणं कमी झालं तरी या दोन आठवड्यांत चालेल. दहाव्यात हात आखडता घ्या. जमलं तर शर्यतीच्या मार्गावर एक दिवस आधी जाऊन या, आणि कुठे उतरून चालायचं ते तेव्हाच ठरवून टाका. ठरवून उतरणारा पुन्हा चढतो, घाबरून उतरणारा बराच वेळ चढत नाही.

शर्यतीच्या दिवशी

अदलाबदलीच्या जागेत, म्हणजे पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर जायच्या ठिकाणी, एक नियम न विसरता पाळायचा: हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल परत टांगल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. टॉवेलवर क्रमाने ठेवा: हेल्मेट, चष्मा, मोजे, बूट. बूट अडकवून ठेवणारे क्लिपचे पेडल उसन्या सायकलीला लावू नका. साधे रुंद पेडल आणि पळायचेच बूट वापरा. उतरून ढकलायची वेळ येणारच आहे, शिवाय बूट बदलायचा वेळही वाचतो. पाण्यात कडेला आणि मागे राहा. अरुंद वाटेवर मागून कुणी आवाज दिला तर घाबरून झुडपात शिरू नका. रुंद जागा आली की सांगून बाजूला व्हा.

सायकल संपल्यावर पळण्याच्या पहिल्या चढावर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर पोटात जाऊ द्या. गूळ-शेंगदाण्याच्या छोट्या वड्या मला पाकिटातल्या एनर्जी जेलपेक्षा जास्त मानवतात, पण जे काही खाल ते सरावात खाऊन बघितलेलं असू द्या.

सायकल परत देताना

धुऊन द्या. नळीचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारू नका, बादली आणि फडकं पुरे. चेन पुसून तेल घाला, वापरली असेल तर नवी ट्यूब आणि पॅड बदलून द्या, सीट मालकाच्या मापावर आणा. त्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: फ्रेमचा आकार, चाकाचा आकार, सीटची उंची, हवा किती होती, कुठल्या चढाला गिअर कमी पडला, हात कुठे दुखले, पाठ कुठे. दुसऱ्या शर्यतीला शक्य झाल्यास वेगळ्या मापाची सायकल उसनी आणा आणि तसाच दुसरा कागद तयार करा. मग दुकानात जाताना दोन्ही कागद खिशात असू द्या.